लेकराला पहिला क्लास लावताना

उन्हाळी शिबिरांचे बोर्ड मार्चअखेर चौकात लागतात आणि बहुतेक लेकरांचा पहिला क्लास तिथूनच सुरू होतो. मराठवाड्यात याहून वाईट मुहूर्त नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, सकाळी नऊलाच मैदान तापतं, एकेका सरांच्या मागं तीस-चाळीस पोरं असतात आणि अध्येमध्ये मामाचं गाव असतंच. पंधरा दिवसांत लेकरू कंटाळलं की घरात निकाल लागतो, "ह्याला खेळाची गोडीच नाही."

पाच ते सात वर्षांच्या लेकराला दिवाळीची सुट्टी संपल्यावर घाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सलग तीन-साडेतीन महिने मिळतात आणि हवाही बरी असते. डिसेंबरात सहालाच अंधारतं, म्हणून मैदानावरची बॅच पाचपर्यंत सुरू होणारी बघा.

क्लास एकच, आठवड्याला दोन किंवा तीन दिवस, पाऊण तास. गाडीवर दहा मिनिटांच्या पुढचा नको. क्लास लेकरापेक्षा ने-आण करणाऱ्याच्या कंटाळ्यानं जास्त सुटतात. या वयात 'आवड कशात आहे' हे शोधत बसण्यात अर्थ नाही, ती महिन्याला बदलते.

फी भरण्याआधी एकदा लेकराला न घेता जा. एकच पोरगं नजरेत धरा आणि दहा मिनिटांत त्याचा नंबर किती वेळा येतो ते मोजा. समजा मल्लखांब आहे. खांब एक, पोरं पंचवीस. प्रत्येकाला अर्धा मिनिट दिला तरी एक फेरी साडेबारा मिनिटांची होते. म्हणजे तासाभरात एकेकाच्या वाट्याला चार-पाचदा खांब, एकूण दोन-अडीच मिनिटं. बाकी वेळ रांगेत चिमटे काढणं. जाणते सर उरलेल्यांना कोलांट्या, सूर्यनमस्कार, लोंबकळणं यात गुंतवतात. तसं दिसलं तर बिनधास्त घाला. खांबाखाली गादी हवीच. खांबाला एरंडेल चोळलेलं असतं, म्हणून जुनीच चड्डी घाला.

खो-खोला मैदान सोडून फारसं काही लागत नाही, आणि आपल्याकडं तो रुजलेलाही आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार याच खेळानं दिला. पण सहा वर्षांच्या लेकराला पूर्ण नियम झेपत नाहीत. खो मिळण्याआधीच ते उठतं, किंवा पळता पळता उलटं फिरतं. म्हणून पहिले दोन महिने नुसती पळापळी, बसून झटकन उठणं, खांबाला वळसा घालणं एवढंच असावं. पहिल्या दिवसापासून रांगेत बसवून सामना खेळवत असतील तर लेकरू बराच वेळ नुसतं उकिडवं बसणार.

तबला सात वर्षांच्या आधी नको. 'ना' हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकून राहावी लागते आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे काठाच्या पट्टीवर, पडते. लहान हाताची अनामिका एक तर उचलली जाते, नाहीतर दाबून बसते; मग आवाज बद्द येतो आणि लेकरू हिरमुसतं. पहिले तीन महिने तबला-पेटी विकत घेऊ नका. गावात हरिपाठ असेल तर हातात टाळ देऊन बसवा. ताल तिथंही कळतो, तोही फुकटात.

पोहणं फेब्रुवारीअखेर सुरू करा, पण वर्षाची फी एकदम भरू नका. टंचाई आली की तलावावर लवकर कुऱ्हाड पडते. विहिरीत शिकवायचं तर कमरेला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधा आणि पट्टीचा पोहणारा माणूस हाताच्या अंतरावर पाण्यातच हवा. काठावरून ओरडून उपयोग नाही.

अबॅकस हा क्लास नव्हे, शिकवणी आहे. 'लातूर पॅटर्न'च्या, म्हणजे परीक्षेसाठी कसून शिकवण्या घेणाऱ्या, मुलखात तिला पुढं भरपूर वर्षं पडली आहेत.

फी महिन्याची ठरवा. ड्रेस, किट, कराटे असेल तर बेल्टच्या परीक्षेचे पैसे वेगळे किती, हे आधीच विचारा. पालकांना कधीच आत डोकावू देत नाहीत तिथं घालू नका.

तिसऱ्या आठवड्यात रडारड होते. निम्म्या वेळा कारण भूक असते: शाळेतून आलं की दप्तर टाकून थेट क्लास. निघण्याआधी तासभर अर्धं धपाटं-दही किंवा केळं द्या, पोटभर नको. दुसरं कारण शू; लेकरू सरांना सांगायला लाजतं, तेव्हा मोरी कुठं आहे ते पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. तिसरं, बॅचमध्ये दहा-बारा वर्षांची दांडगी पोरं असणं. यावर बॅच बदलणं हाच उपाय. हे सगळं करूनही आठ-दहा वेळा जाऊन रडणं थांबत नसेल तर महिना संपल्यावर बंद करा, आणि दुसरा क्लास लगेच नको, दोन महिन्यांनी.

घरी येताना "काय शिकलास?" विचारलं की उत्तर येतं, "काही नाही." त्याऐवजी विचारा, "आज तुझा नंबर किती वेळा आला?"