सॉफ्टवेअर इंटरव्ह्यूला जाताय? या चुका टाळा

कोडिंग राऊंडमध्ये पोरं कोड येत नाही म्हणून पडतात, असा एक समज आहे. वर्षानुवर्षं टेबलाच्या या बाजूला बसून मला तरी तसं दिसलेलं नाही. बहुतेकांचं घोडं अडतं ते प्रश्न पुरता ऐकण्याआधीच कीबोर्ड बडवायला घेतल्यामुळे.

एकाला मी विचारलं होतं : चढत्या क्रमाने लावलेला अ‍ॅरे (म्हणजे संख्यांची यादी) आहे, त्यातल्या कोणत्या दोन संख्यांची बेरीज दिलेल्या आकड्याइतकी होते ते शोध. माझं वाक्य संपेपर्यंत गड्याने हॅशमॅप (पाहिलेल्या संख्या मेमरीत साठवणारा तक्ता) लिहायला घेतलासुद्धा. दोन मिनिटांत तयार. उत्तर बरोबर होतं.

"अ‍ॅरे सॉर्टेड आहे, त्याचा काही फायदा?" मी विचारलं.

"नाही सर, हेच ऑप्टिमल आहे."

"आणि जादा मेमरी वापरायची नाही म्हटलं तर?"

बराच वेळ काही नाही. मग त्याने लूपमध्ये लूप घातला, म्हणजे प्रत्येक संख्या बाकी प्रत्येकीशी जोडून पाहायची. खरं तर एक पॉइंटर (जागा दाखवणारी खूण) सुरुवातीला आणि एक शेवटी ठेवला की झालं. बेरीज कमी भरली तर डावा पुढे सरकवा, जास्त भरली तर उजवा मागे घ्या. एका फेरीत काम होतं, वर जादा मेमरीही लागत नाही. 'चढत्या क्रमाने' हे शब्द मी उगाच घातले नव्हते. त्याने ते ऐकलेच नाहीत, कारण अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ होतं. महिन्याभरात शेकडो प्रश्न 'उरकायला' लावणाऱ्या याद्यांवर माझा राग आहे तो यासाठीच.

मी स्वतः इंटरव्ह्यू देतो तेव्हा आधी प्रश्न माझ्या शब्दांत परत सांगतो. मग विचारतो : इनपुट केवढा? रिकामा असू शकतो? ऋण संख्या येतील? तीच संख्या दोनदा धरायची का? नुसत्या पहिल्या उत्तरानेही बरंच कळतं. इनपुट 1 लाख संख्यांचा असेल तर लूपमध्ये लूप म्हणजे 1,000 कोटींच्या घरात फेऱ्या. तो मार्ग कोड लिहिण्याआधीच बाद.

दुसरी डोकेदुखी सिस्टिम डिझाइनची, म्हणजे अख्खी सेवा कशी उभारायची ते बोर्डावर चौकोन काढून दाखवण्याची. लिंक छोटी करून देणारी सेवा बनवा म्हटलं की बोर्डावर लगेच काफ्का, रेडिस अशी मोठ्या लोडसाठीची साधनं, डझनभर मायक्रोसर्व्हिसेस (छोट्या स्वतंत्र सेवा). लोड किती, हे कोणी विचारत नाही. मी सांगतो, दिवसाला 10 लाख रिक्वेस्ट. दिवसाचे सेकंद 86,400, म्हणजे सेकंदाला सरासरी 12सुद्धा नाहीत. गर्दीच्या वेळी दहापट धरा, तरी एक बऱ्यापैकी सर्व्हर आणि एक साधा डेटाबेस पुरतो. दुसरा सर्व्हर हवा तो पहिला बंद पडला तर. हा भागाकार कागदावर करायला अर्धा मिनिट लागतो, पण चौकोन काढण्याची घाई तो करू देत नाही.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. कोड झाला की लगेच 'डन' म्हणू नका; एक छोटं इनपुट घेऊन ओळ न् ओळ हाताने चालवून दाखवा. रेझ्युमेवर एखाद्या टेक्नॉलॉजीचं नाव टाकलंत तर त्यावरचा तिसरा प्रश्नही झेपला पाहिजे. ऑनलाइन इंटरव्ह्यूत दुसऱ्या स्क्रीनवरच्या एआयचं उत्तर वाचताना डोळे कुठे फिरतात ते समोर स्वच्छ दिसतं. अडलात तर मोठ्याने विचार करा; गप्प बसलात तर हिंट कुठे द्यायची तेच आम्हाला समजत नाही. आणि प्रोजेक्टबद्दल बोलताना 'आम्ही केलं'च्या आड लपू नका, तुमचा वाटा सांगा.

शेवटी "काही विचारायचंय?" म्हटल्यावर "नाही सर" म्हणून उठू नका. कोड रिव्ह्यू कोण करतं, रिलीज किती दिवसांनी होते, रात्री सिस्टिम बंद पडली तर फोन कोणाला जातो, हे विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर तेही लिहून ठेवा.