ट्रायकस्पिड झडपेच्या शस्त्रक्रियेचा निर्णय कसा घ्यावा

हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधील मायट्रल झडपेची शस्त्रक्रिया ठरली, की टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात ट्रायकस्पिड झडपेविषयी काय लिहिले आहे, हे आधी पाहावे. हृदयाच्या उजव्या दोन कप्प्यांमधील ही झडप बहुतेक रुग्णांत मुळात निरोगी असते. मात्र आमवाती तापाने मायट्रल झडप खराब झाली, की फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढतो, उजवा खालचा कप्पा ताणला जातो, झडपेचे कडे (तिच्याभोवतीचे वलय) रुंदावते आणि तिच्या पाकळ्या जुळेनाशा होऊन रक्त मागे गळू लागते.

गळती तीव्र असेल, तर ती त्याच शस्त्रक्रियेत दुरुस्त करावी, याविषयी तज्ज्ञांत दुमत नाही. गळती सौम्य किंवा मध्यम असूनही कड्याचा व्यास ४० मिलिमीटर किंवा अधिक असेल, तर दुरुस्तीचा विचार करावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात; म्हणून हा आकडा शल्यविशारदांना आवर्जून विचारावा. डावीकडचा दोष काढला की उजवीकडची गळती आपोआप थांबेल, ही जुनी अपेक्षा अनेक रुग्णांत फोल ठरली, आणि काही वर्षांनी केवळ या झडपेसाठी छाती पुन्हा उघडणे बरेच जोखमीचे असते. लघवीच्या गोळ्यांनी पायांची सूज उतरते, त्यामुळे घरच्यांना बरे वाटते. पण तेवढ्यात उजवा कप्पा आणि यकृत थकत जातात.

शक्यतो झडप दुरुस्तच करून घ्यावी. त्यासाठी कड्याला रिंग बसवतात किंवा टाक्यांनी ते आवळतात. हृदयाचे विद्युतस्पंदन वाहून नेणारी यंत्रणा कड्याला लागूनच असल्याने अनेक रिंगा त्या जागी मुद्दाम खुल्या ठेवलेल्या असतात. तरीही काहींना पुढे पेसमेकर लागतो, याची कल्पना आधीच घ्यावी. झडप बदलावीच लागली, तर उजवीकडे दाब कमी असल्याने धातूच्या झडपेवर गुठळी होण्याचा धोका अधिक असतो, त्यामुळे बहुधा जैविक (प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेली) झडप निवडतात.

ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही, अशा निवडक रुग्णांसाठी कॅथेटरद्वारे, म्हणजे रक्तवाहिनीतून नेलेल्या बारीक नळीने, झडपेच्या पाकळ्यांना क्लिप लावण्याचा पर्याय आहे. अमेरिकेत त्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

घरी आल्यावर रोज सकाळी वजन नोंदवावे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) वेळेवर तपासावा आणि दात काढण्यापूर्वी हृदयात झडप किंवा रिंग बसवल्याचे दंतवैद्यांना सांगावे.