फॉरमॅट मारण्याआधी: जुन्या कॉम्प्युटरचं नेट दुरुस्त करायला शिकताना

हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स किंवा आयटीआय संपवून सांगली-मिरजेत नुकत्याच कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. कोर्समध्ये सर्व्हर, व्हीलॅन, फायरवॉल शिकवतात. ते पुढं कुपवाडच्या एमआयडीसीत उपयोगी पडेलच. पण सुरुवातीचे बहुतेक फोन घरांतून येतात आणि तक्रार एकाच सुरात असते: "मोबाईलवर नेट चालतंय बघा, कॉम्प्युटरवरच येईना झालंय." कॉम्प्युटर दहा-बारा वर्षांचा, त्यावर विंडोज सेव्हन, शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर.

हे लोक नवीन मशिन का घेत नाहीत, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचं उत्तर आधी समजून घ्या. हळदीच्या अडतीचे, बेदाण्याचे हिशेब घरून ठेवणारी घरं इथं बरीच आहेत. त्यांचं जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर त्या मशिनवर बसलेलं असतं आणि त्याची सीडी कधीच हरवलेली असते. वकिलांच्या, निवृत्त शिक्षकांच्या घरी श्रीलिपीत टाईप केलेली वर्षानुवर्षांची कागदपत्रं असतात. तो फॉन्ट नसलेल्या मशिनवर ती फाईल उघडली तर एक ओळ वाचता येत नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: नेट येत नाही या तक्रारीवर फॉरमॅट हा उपाय नव्हे. दोष न शोधता फॉरमॅट मारणारा माणूस दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या कामाशी खेळतो. आणि बऱ्याचदा फॉरमॅटनंतरही नेट येत नाही, कारण बिघाड विंडोजमध्ये नसतोच.

बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो: मशिनमध्ये, वाटेत, किंवा राउटरमध्ये आणि त्याच्या पलीकडे. पिशवी उघडण्याआधी हे ठरवायचं. त्याच वायफायवर मोबाईल लावा, पण मोबाईल डेटा बंद करून. ही अट विसरू नका, कारण वायफायला नेट नसलं तर मोबाईल गुपचूप डेटावर जातो आणि घरचे शपथेवर सांगतात की नेट आहे. मोबाईललाही नेट नसेल तर ओएनयूवरचा, म्हणजे फायबर जिथं जोडलेली असते त्या डब्यावरचा, दिवा बघा. एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असेल तर फायबर तुटलीय किंवा वाकलीय. ते काम फायबरवाल्याचं. तसं सांगून मोकळं व्हा.

मोबाईलला नेट आहे आणि कॉम्प्युटरला नाही, इथून खरं काम सुरू होतं. घरच्यांना एकच प्रश्न विचारा: "काका, हे बंद पडायच्या आधी घरात काय बदललं?" राउटर नवा आला, रंगकाम झालं, टेबल हलवलं, वळवाचा पाऊस झाला, यातलं काहीतरी निघतंच. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या विजांनंतर लॅन पोर्ट जळाल्याच्या तक्रारी दरवर्षी येतात. मशिन सुरू, बाकी सगळं ठीक, फक्त लॅनचा दिवा लागत नाही. वायर बदलून, राउटरचं पोर्ट बदलूनही दिवा लागला नाही तर मदरबोर्डवरचं पोर्ट गेलं असं समजा आणि यूएसबी-लॅन ॲडॅप्टर लावा. त्यासाठी मदरबोर्ड बदलायला सांगणं चुकीचं आहे.

दिवा लागतोय, तरी नेट नाही? काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) आयपीकॉन्फिग (ipconfig) टाका आणि मशिनचा आयपी पत्ता वाचा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशिनने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. म्हणजे वाट अर्धवट आहे किंवा राउटर पत्ता देत नाही. पत्ता बरा दिसत असेल तर डिफॉल्ट गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता वाचा, त्याला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा. मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. मग एखाद्या साईटच्या नावाला. गेटवे उत्तर देत नसेल तर दोष घरातच. ८.८.८.८ उत्तर देतंय पण नाव सापडत नाही, तर दोष डीएनएसमध्ये, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सोयीत. हा क्रम सोडू नका. मधूनच सुरुवात केली की तासभर अँटीव्हायरस उलटापालटा करत बसाल.

खणभागातल्या एका घरी मला हा क्रम फार उपयोगी पडला. अडतीचे हिशेब असलेलं मशिन, नवं फायबर कनेक्शन, आणि आधी येऊन गेलेल्या मुलाने फॉरमॅट सुचवलेलं. पत्ता बघितला तर १९२.१६८.१.१०, गेटवे १९२.१६८.१.१. नवा राउटर मात्र १९२.१६८.० च्या मालिकेतले पत्ते देत होता. कुणीतरी कधीकाळी प्रिंटर शेअर करण्यासाठी हाताने पत्ता लिहून ठेवला होता आणि तो तसाच राहिला. मशिन जुन्याच गेटवेला हाक मारत होतं. ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडून पत्ता आपोआप घे, असं सांगितल्यावर गेटवे बोलायला लागला, पण साईट उघडेना. डीएनएसच्या खणात जुन्या कंपनीचे आकडे हाताने लिहिलेले होते आणि तो सर्व्हर बाहेरच्या गिऱ्हाइकाला उत्तर देत नव्हता. ते पुसलं आणि सगळं चालू झालं. हिशेबाच्या एकाही फाईलला हात लागला नाही. जुनी मशिनं अशा विसरलेल्या सेटिंगांनी भरलेली असतात, म्हणून नवा राउटर आलेल्या घरी मी सगळ्यात आधी हेच दोन खण उघडतो.

एक विचित्र तक्रार नक्की भेटेल: पिंग सगळीकडे लागतो, पण प्रत्येक साईट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते. कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं. साईटचं सर्टिफिकेट ठरावीक मुदतीचं असतं. मशिनच्या मते ती मुदत सुरूच झालेली नसते, म्हणून ब्राउझर दार बंद करतो. तीन व्होल्टचा नवा सेल टाका, बायोसमध्ये तारीख लावा. ज्या गावांत लोडशेडिंग जास्त, तिथं हे जास्त दिसतं.

वायफायवर चालणाऱ्या जुन्या मशिनची गोष्ट वेगळी. नवा राउटर पाच गिगाहर्ट्झवर नाव दाखवतो, जुन्या कार्डाला फक्त २.४ समजतं, त्यामुळे यादीत नावच येत नाही. नाव दिसतंय पण पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही, तेव्हा राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-थ्रीवर आहे का बघा. डब्ल्यूपीए-टू, एईएस करा. टीकेआयपी ही जुनी पद्धत वापरू नका. ती कमजोर आहे आणि ती निवडली की एन प्रकारचं कार्डही ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. चॅनेल १२ किंवा १३ वर असेल तरी काही जुन्या कार्डांना राउटर दिसत नाही. १, ६ किंवा ११ ठेवा.

गावभागातल्या वाड्यांत तर वायफायच्या नादी लागूच नका. दीड-दोन फुटांच्या दगडमातीच्या भिंती. राउटर सोप्यात आणि मशिन माडीवर. तिथं सरळ वायर ओढा. कॅट फाइव्ह-ई शंभर मीटरपर्यंत चालते, घरात तेवढं अंतर लागत नाही. वायरचे रंग एकाच पद्धतीने दोन्ही टोकांना लावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. शंभर एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. म्हणून अर्धवट क्रिंप केलेली (कनेक्टर नीट न दाबलेली) वायर जुन्या मशिनला चालते आणि नव्या लॅपटॉपला लावली की लटपटते. अशा वेळी काहीजण कार्डाची गती हाताने '१०० फुल डुप्लेक्स' (एकाच वेळी दोन्ही दिशांना) करून देतात. हे करू नका. राउटरचं पोर्ट ऑटोवर असतं, म्हणजे गती समोरच्याशी बोलून ठरवतं. समोरचा वाटाघाटी करत नाही असं दिसलं की ते हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरतं. मग पिंग छान लागतो, पण डाउनलोड रखडतो, आणि गिऱ्हाईक महिनाभर फायबरवाल्याशी भांडत बसतं. ऑटोच ठेवा, कनेक्टर कापून नवा मारा.

नदीकाठच्या भागात कनेक्टर मुद्दाम तपासा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी घरांत शिरलं. भिंतीतल्या पट्टीतून गेलेल्या जुन्या वायरींच्या टोकांना अजून हिरवट गंज सापडतो. आणि पुराच्या पाण्यात बसलेली हार्ड डिस्क कुणी दिली तर वाळवून सुरू करून बघू नका. ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं आहे.

शेअर केलेला फोल्डर किंवा प्रिंटर नव्या लॅपटॉपला दिसत नाही, ही तक्रार आली की व्हिडिओ बघून शिकलेली मुलं लगेच एसएमबी-वन (फाईल-प्रिंटर शेअर करायची जुनी पद्धत) चालू करतात. मला हे मनापासून खटकतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून जगभर पसरला, आणि त्याच वर्षी विंडोज टेनच्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ते नव्या इन्स्टॉलमधून वगळलं. शिवाय विंडोज सेव्हनला एसएमबी-टू येतं, त्यामुळे तिथं दोष बहुधा दुसरीकडे असतो: नेटवर्क 'पब्लिक' ठेवलेलं, किंवा युजरला पासवर्डच नाही. फक्त एक्सपीवर एसएमबी-वनशिवाय इलाज नाही, आणि एक्सपीच्या मशिनला मी पेनड्राइव्ह वापरायला सांगतो.

नेट जोडून दिलं म्हणजे काम संपलं नाही. विंडोज सेव्हनचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, टेनचे सर्वसाधारण अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला, आणि सेव्हनवर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. हे स्पष्ट शब्दांत सांगा: "आजोबा, हिशेब याच्यावर खुशाल करा, बँकेचं काम मात्र मोबाईलवर." मशिन ६४ बिटचं असेल आणि रॅम चार जीबी असेल, तर लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून आधी चालवून दाखवा, डिस्कला हात न लावता. 'नेट स्लो आहे' म्हणतात तेव्हा टास्क मॅनेजर (विंडोज सेव्हनवर रिसोर्स मॉनिटर) उघडा. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसली तर एसएसडी टाकल्यावर तक्रार मिटते.

पैशांबद्दल: दोष शोधण्याचे पैसे घ्या, आणि जाण्याआधीच फोनवर सांगा. पाच मिनिटांत पत्ता बदलून काम झालं म्हणून फुकट करू नका, आणि जास्त वाटावेत म्हणून मशिन दुकानात उचलूनही नेऊ नका. काय बदललं ते कागदावर लिहून मशिनच्या मागं चिकटवा: तारीख, जुना पत्ता, नवा पत्ता, राउटरचं लॉगिन कुणाकडे आहे. पुढच्या वेळी येणारा माणूस तुम्ही नसाल तरी त्याला ते लागेल.

सरावासाठी भंगारवाल्याकडून एखादं जुनं मशिन आणि बंद कनेक्शनचा राउटर घ्या. मित्राला सांगा, माझ्या माघारी यात एक खोट घालून ठेव: पत्ता बदल, वायरची एक तार काप, तारीख २००९ कर, डीएनएस चुकीचा लिही. मग तुम्ही वरच्या क्रमाने शोधा, आणि सापडेपर्यंत एका वेळी एकच गोष्ट बदला.