दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या गाडीचे इंजिन अपग्रेड करताना या चुका टाळा

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटाच्या चढावर मी तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. आरपीएमचा काटा झटक्यात वर गेला, पण गाडीचा वेग वाढण्याऐवजी उतरू लागला आणि काही क्षणांत केबिनमध्ये जळका, उग्र वास पसरला. गाडी १.३ लिटर डिझेल इंजिनाची, तिचे रनिंग १ लाख ६८ हजार किलोमीटर, आणि तीनच आठवड्यांपूर्वी मी तिच्या इंजिनाचे रिमॅपिंग, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरचा बदल, करून घेतले होते. कोडोलीच्या मिस्त्रींनी एक फेरी मारून सांगितले, "दादा, इंजिन पळतंय, पण क्लचप्लेट धरत नाही." नव्या गाडीत १९० न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) पेलण्यासाठी बसवलेली आणि इतक्या वर्षांत झिजलेली ती प्लेट वाढीव टॉर्क पेलू शकत नव्हती. रोज कामावर नेणाऱ्या, घाट चढवणाऱ्या आणि घरच्यांना घेऊन जाणाऱ्या जुन्या गाडीची ताकद वाढवावी असे वाटणे चूक नाही; मात्र ती कोणत्या क्रमाने आणि कशाच्या भरवशावर वाढवायची, हे न पाहिल्यास काय होते ते मी पैसे मोजून शिकलो आहे.

मंदावलेल्या इंजिनाला कमी ताकदीचे समजणे

"पिकअप राहिला नाही" अशी तक्रार घेऊन आलेल्या दीड-दोन लाख रनिंगच्या बहुतेक गाड्यांमध्ये मुळातली ताकद कमी नसते. होती ती कुठेतरी गळत असते. डिझेल गाडीत टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणारा भाग) जाणाऱ्या रबरी पाइपला बारीक चीर पडली, तर दाबलेली हवा तिथूनच निसटते. ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणारे पाइप) काजळी साचते, डिझेल फिल्टर तुंबतो, हवा मोजणारा सेन्सर मळतो. पेट्रोल गाडीत प्लगमधले अंतर वाढते, इग्निशन कॉइल कमजोर होते, थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन पुरेसे तापतच नाही. चाकांकडेही पाहावे लागते, कारण कॅलिपर चिकटून ब्रेक धरून राहिले असतील किंवा टायरमध्ये हवा कमी असेल, तर इंजिनाने दिलेल्या ताकदीचा काही भाग रस्त्यावर पोचण्याआधीच खर्च होतो. दहा-बारा किलोमीटर गाडी चालवून, शक्यतो ब्रेक न दाबता थांबावे आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहावे. एकच चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागले, तर दुखणे इंजिनात नसून तिथे आहे.

माझ्या गाडीत इंटरकूलरच्या पाइपलाच चीर होती. वरून ती दिसत नव्हती, पण पाइपच्या खालच्या अंगाने बोट फिरवल्यावर बोटाला तेलकट काजळी लागली आणि पाइप दाबताच नखभर फट उघडली. त्या पाइपला रिमॅपिंगच्या खर्चाचा दहावा हिस्साही लागला नाही.

घाटाचा हिशेबही इथेच मांडायला हवा. वाईहून पसरणी घाटाने पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर गाठताना आपण सुमारे १,३५० मीटर उंचीवर जातो. तिथली हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण १२ टक्के विरळ असते आणि टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. महाबळेश्वरात गाडी जड वाटली म्हणून साताऱ्यात उतरून इंजिनाचे काम काढणे, हा चुकीच्या दुखण्यावरचा उपचार आहे.

तसेच इथेनॉलचे आहे. सातारा आणि सांगली हे साखर कारखान्यांचे जिल्हे असल्याने इथेनॉलची चर्चा इथे घरोघरी असते, तरी एक गोष्ट अनेकदा विसरली जाते: इथेनॉलमधली ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या इंधनात एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते आणि अॅव्हरेज थोडा उतरणे स्वाभाविक ठरते. जुन्या गाडीत त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे इंधनाचे रबरी पाइप, सील आणि फिल्टर तपासून घ्यावेत, कारण त्यातले काही या मिश्रणासाठी बनवलेले नसतात.

कॉम्प्रेशन न मोजता रिमॅपिंग करणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

कोणताही अपग्रेड घेण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन हवा किती दाबतो याची मोजणी, करून घ्यावी. पेट्रोल इंजिन गरम असताना सगळे प्लग काढावेत, इंधन आणि इग्निशन बंद करावे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा, बॅटरी पूर्ण चार्ज असावी, आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून स्टार्टर सारखाच वेळ फिरवावा. आकडा किती यावा हे त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते, परंतु त्याहूनही बोलका असतो तो सिलिंडर-सिलिंडरमधला फरक. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक खाली असेल, तर त्या इंजिनावर नवा भार टाकू नये. कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे: आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, आला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा संशय धरावा. डिझेल इंजिनात हा ऑइलचा प्रयोग करू नये. तिथे ज्वलनासाठी जागा फार थोडी असते आणि जास्तीचे तेल दाबले न गेल्याने कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो. डिझेलचा दाब पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असल्याने त्यासाठी गेजही वेगळा लागतो.

ज्या गॅरेजमध्ये लीक-डाउन टेस्टची सोय आहे, तिथे ती अवश्य करून घ्यावी. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरतात आणि ती कुठून निसटते ते कान देऊन ऐकतात. ऑइल भरायच्या झाकणातून फुसफुस ऐकू आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट. मी हे प्रत्यक्ष पाहिले तेव्हा मला खरोखर आश्चर्य वाटले, की एवढी स्पष्ट तपासणी उपलब्ध असताना आपण नुसत्या अंदाजावर हजारो रुपये कसे घालतो.

कॉमन-रेल डिझेलमध्ये (ज्यात एकाच नळीतून सगळ्या सिलिंडरना जास्त दाबाचे डिझेल मिळते) इंजेक्टर, म्हणजे ज्यांना आपण नोझल म्हणतो, त्यांची रिटर्न टेस्टही तितकीच महत्त्वाची आहे. प्रत्येक नोझलच्या रिटर्न पाइपला एकेक छोटी बाटली जोडून इंजिन चालू ठेवतात. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट डिझेल जमले, तर तो नोझल झिजलेला आहे असे समजावे. अशा इंजिनावर रिमॅपिंग केले किंवा स्वस्तातला ट्यूनिंग बॉक्स लावला, तर काय होते? रेल प्रेशरवर (त्या नळीतल्या दाबावर) चालणारा बॉक्स ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दाखवतो, म्हणून ईसीयू पंपाकडून आणखी दाब मागतो, आणि आधीच गळणारा नोझल जास्तीचे इंधन नीट फवारू शकत नाही. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त झाल्याने काळा धूर निघतो, एक्झॉस्टचे तापमान वाढते आणि त्याचा मार टर्बो आणि पिस्टन यांच्यावर बसतो. चढावर काळा धूर सोडणारी गाडी जोरात असल्याचा समज आपल्याकडे आहे; तो धूर म्हणजे नीट न जळलेले इंधन आहे.

टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीच्या मालकांना माझा स्पष्ट सल्ला आहे की रिमॅपिंगच्या वाटेला जाऊच नये. अशा इंजिनात सॉफ्टवेअर बदलून मिळणारी वाढ जेमतेम काही टक्क्यांची असते आणि जुन्या इंजिनात ती जाणवतही नाही. टर्बो डिझेलमध्ये आणि टर्बो पेट्रोलमध्ये फरक खरोखर पडतो, परंतु तिथेही आधी क्लचसेट, मग कूलिंग, आणि सर्वांत शेवटी सौम्य रिमॅपिंग, हाच क्रम योग्य आहे. रिमॅपिंगआधीच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल स्वतःजवळ जपून ठेवावी. मी ज्यांच्याकडून काम करून घेतले त्यांनी क्लचबद्दल एक शब्दही विचारला नव्हता. जो ट्यूनर आधी गाडीचे रनिंग, क्लच आणि नोझल यांची चौकशी करत नाही, त्याच्याकडे गाडी देऊ नये.

उघडा एअर फिल्टर आणि रुंद सायलेन्सर

बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर बसवल्यावर आवाज वाढतो आणि त्या आवाजालाच अनेकजण ताकद समजतात. प्रत्यक्षात कंपनीचा बंद डबा बाहेरची थंड हवा ओढतो, तर उघडा फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा. बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ६० अंश असेल, तर आत जाणारी हवा सात-आठ टक्क्यांनी विरळ होते, म्हणजे पैसे देऊन घाट चढल्यासारखेच झाले. त्यात आपल्याकडे गळीत हंगामात कराड, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), शिराळा या भागातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून जाताना जी धूळ उडते, ती आधीच झिजलेल्या रिंगांना परवडणारी नाही. तेल लावलेल्या कापडी फिल्टरचे तेल जास्त झाले, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवरही त्याचा थर बसतो. कागदी फिल्टर हंगामात नेहमीपेक्षा लवकर बदलणे, हा या भागातला खरा अपग्रेड आहे.

सायलेन्सरचा पाइप गरजेपेक्षा रुंद केल्यास टर्बो नसलेल्या गाडीत कमी आरपीएमवरचा जोर उलट घटतो, आणि रोजच्या चालवण्यात आपल्याला नेमका तोच लागतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) किंवा डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) काढून टाकणे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये.

जाड ऑइल आणि फ्लशिंग

इंजिन ऑइल खाते म्हणून मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० (पातळ ग्रेड) सांगितले असताना २०डब्ल्यू-५० (जाड ग्रेड) भरणे, हा उपाय अजूनही सुचवला जातो. जाड ऑइल सकाळी थंड इंजिनात वरपर्यंत पोचायला वेळ लावते. ऑइलच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट आणि टायमिंग चेनचा टेन्शनर त्या काळात पुरेशा दाबाविना राहतात. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर एक पायरी जाड ग्रेड चालते, त्यापुढे नाही. वर्षानुवर्षे गाळ साचलेल्या इंजिनात एकदम फ्लशिंग (रसायन घालून आतून धुणे) केल्यास सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो. त्याऐवजी दोन-तीन वेळा ऑइल निम्म्या अंतरावर बदलावे.

आरसी आणि विमा विसरणे

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार आरसीवरचा तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. खासगी गाडीच्या नोंदणीला १५ वर्षे पूर्ण झाल्यावर नूतनीकरणासाठी ती आरटीओत तपासणीला न्यावी लागते, हे जुन्या गाडीच्या मालकाने विशेष ध्यानात ठेवावे. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

एकाच वेळी चार बदल करणे

फिल्टर, प्लग, रिमॅपिंग आणि सायलेन्सर एकाच दिवशी बदलले, तर कशाने फायदा झाला आणि कशाने बिघडले, हे कधीच कळत नाही. मी आता यवतेश्वर घाटातला एकच टप्पा ठरवला आहे: गाडीत मी एकटा, टाकी अर्धी, टायरमध्ये ठरलेली हवा, एसी बंद, सकाळची रहदारी नसलेली वेळ, गिअर तिसरा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारे यंत्र) लावून टर्बोचा दाब, कूलंटचे तापमान आणि रेल प्रेशर यांची नोंद वहीत करतो. क्लचसेट आणि इंटरकूलरचा पाइप बदलून, मूळ फाइल परत टाकल्यानंतर त्याच टप्प्यावर टर्बोचा दाब रिमॅपिंग असतानाच्या नोंदीपेक्षा जास्त भरला, आणि गाडी तिसऱ्याच गिअरमध्ये वरपर्यंत गेली. पुढची नोंद ईजीआर साफ केल्यावर घेणार आहे.