शहरी वन: वर्दळ आणि जैवविविधता यांची सांगड

शहरी वनाचे नियोजन पायवाटांपासून सुरू करावे, कारण वर्दळीचा पहिला आघात झाडांवर नव्हे, तर मातीवर होतो. सतत तुडवलेली माती घट्ट बसते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात, पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते आणि वरच्या थरात पसरलेली बारीक मुळे गुदमरू लागतात. म्हणून लोक प्रत्यक्ष कुठून चालतात याचे सर्व ऋतूंत निरीक्षण करून मोजक्याच वाटा आखाव्यात, त्यांवर लाकडाचा चुरा पसरावा आणि उरलेल्या चोरवाटा फांद्या आडव्या टाकून बंद कराव्यात. मनाईच्या पाटीपेक्षा चालायला सोपी वाट अधिक परिणामकारक ठरते, असे माझे ठाम मत आहे.

बाके, खेळाची जागा आणि दिवे कडेलाच ठेवावेत; आतला सलग भाग पक्ष्यांच्या विणीच्या काळात बंद असावा. वाळलेले झाड वाटेवर कोसळण्याचा धोका असेल तरच तोडावे, एरवी ते उभे राहू द्यावे, कारण त्याच्या ढोलीत पक्षी व वटवाघळे आसरा घेतात. पालापाचोळा कधीही जाळू नये.

नव्या लागवडीत स्थानिक झाडांना प्राधान्य द्यावे. एकाच जातीची (species) १०, एकाच प्रजातीची (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) २० आणि एकाच कुलातील (family, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) ३० टक्क्यांहून अधिक झाडे नसावीत, हा अमेरिकी वृक्षतज्ज्ञ फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्ये सुचवलेला दंडक रोगकिडींच्या साथीपासून बचावासाठी आहे. मात्र जुन्या नैसर्गिक वनावर तो लादू नये.