कमोडोर ६४ हाती लागलाय? बटण दाबायच्या आधी हे वाचा

जुना कमोडोर ६४, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, हातात आला की पहिली खाज सुटते ती प्लग लावून बटण दाबायची. कळतं मला, मीही तेच केलंय. पण जरा थांबा. हे मशीन १९८२ मध्ये बाजारात आलं आणि बनवणारी कंपनी १९९४ मध्ये बुडाली, म्हणजे तुमच्याकडचा पीस कितीही चकाचक दिसला तरी वय तिशीच्या पुढचंच, आणि गंमत म्हणजे मशीन स्वतः तसं दणकट आहे, त्याच्या जिवावर उठतो तो सोबतचा पॉवर सप्लाय, तो विटेसारखा जड ठोकळा.

त्या ठोकळ्यातून दोन लाइनी येतात, ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की व्होल्टेज बऱ्याचदा कमी नाही होत, वाढतं, आणि ते सरळ रॅमच्या चिपांवर जातं. बऱ्याच ठोकळ्यांत आत इपॉक्सी ओतून गच्च केलेलं असतं त्यामुळे उघडून दुरुस्तीचं नाव काढू नका. मल्टिमीटर घ्या, प्लग मशीनला न लावता मोजा: पिन ५ वर प्लस, पिन २ ग्राउंड, आणि ६ नि ७ च्या मधे ९ व्होल्ट एसी. पिनांचे नंबर आकृती समोर ठेवूनच बघा कारण प्लगकडून बघतोय की सॉकेटकडून यात भल्याभल्यांचं उलटसुलट होतं. ४.७५ ते ५.२५ च्या आत आलं तर ठीक, वर गेलं तर तो ठोकळा बाजूला. आणि हो, आत्ता बरोबर दाखवतोय म्हणून बिनधास्त होऊ नका, लोड आला, गरम झाला की तोच चढतो. माझं मत विचाराल तर जुना ठोकळा आठवण म्हणून ठेवा आणि नव्याने बनवलेला सप्लाय वापरा. अगदीच जुनाच वापरायचा असेल तर मधे ओव्हरव्होल्टेज झाल्यावर लाइन तोडणारं सर्किट लावा, तयार मिळतं.

आता चित्र. मागे टीव्हीच्या अँटेनाला जोडायचा आरएफ जॅक आहे, त्याच्या नादी लागू नका, शेजारी गोल डिन सॉकेट आहे ते वापरा. अगदी सुरुवातीच्या मशीनला ते ५ पिनांचं असतं, नंतरच्यांना ८ पिनांचं. ८ पिनवाल्यात लुमा (चित्राचा उजेड) आणि क्रोमा (रंग) वेगवेगळे मिळतात, म्हणजे एस-व्हिडिओची केबल लावली की अक्षरं कापल्यासारखी स्वच्छ दिसतात, दोन्ही एकत्र नेणाऱ्या कंपोझिटवर कडा जरा पाघळतात. केबल घेताना क्रोमाच्या लाइनमध्ये रेझिस्टर आहे का बघा, नाहीतर रंग भडक येतात. एचडीएमआयचे स्वस्त कन्व्हर्टर इथे हमखास गंडतात, कारण हे मशीन इंटरलेस न केलेला (दर वेळी त्याच ओळी काढणारा) सिग्नल देतं आणि कन्व्हर्टर त्याला इंटरलेस समजून चित्राचा लगदा करतो. जुना सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीचा टीव्ही, मिळाला तर सोन्याहून पिवळं. मशीन कुठल्या टीव्ही पद्धतीचं आहे, पाल का एनटीएससी, तेही आत्ताच बघून ठेवा, पाल सेकंदाला ५० फ्रेम, एनटीएससी ६०, पुढे सॉफ्टवेअरला हे लागणार आहे.

सगळं नीट असेल तर निळी स्क्रीन येते आणि वर लिहिलेलं असतं ३८९११ बेसिक बाइट्स फ्री, म्हणजे बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेला एवढी मेमरी मोकळी. हा आकडा नीट वाचा! मशीन चालू होताना रॅम तपासत जातं आणि पहिली खराब जागा लागली की तिथेच मोजणी थांबवतं, म्हणून आकडा कमी दिसला म्हणजे रॅमची चिप गेलेली असण्याची दाट शक्यता. स्क्रीन काळी पण दिवा लागलाय असं झालं तर आधी आतला छोटा काचेचा फ्यूज बघा. तो ९ व्होल्टच्या लाइनवर असतो, आणि जुन्या बोर्डात चित्राच्या चिपेला लागणारी वीज त्याच लाइनीतून तयार होते, त्यामुळे फ्यूज उडाला की दिवा चालू नि चित्र गायब. फ्यूज ठीक असेल तर पुढचे संशयित पीएलए नावाची चिप आणि रॅम, ते सोल्डरिंग येणाऱ्याचं काम.

एक गोष्ट मी महागात शिकलोय. मशीन चालू असताना कार्ट्रिज (मागे खोचायचा गेमचा डबा) काढायची नाही, लावायची नाही, केबल पण नाही. मी घाईत चालू मशीनमधून कार्ट्रिज ओढली, टक् असा आवाज आला आणि पुढचे दोन आठवडे चिपा बदलत बसलो. जॉयस्टिकच्या पोर्टच्या पिनांनाही बोट लावू नका, अंगातली स्टॅटिक आतल्या सीआयए चिपेचा (कीबोर्ड नि जॉयस्टिक सांभाळणारी) बळी घेते. जॉयस्टिक लावायची असेल तर बहुतेक गेमना पोर्ट २.

कीबोर्ड आपल्या सवयीचा नाही. अवतरणचिन्ह शिफ्ट आणि २ वर आहे, यावर नवा माणूस पाच मिनिटं तरी अडकतोच.

आता सॉफ्टवेअर. कॅसेट प्लेअर असेल तर शिफ्ट धरून रन-स्टॉप दाबा, मशीन प्ले दाबायला सांगतं, मग चहा... म्हणजे वाट बघा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, अर्धे लोडिंगचे प्रॉब्लेम तिथेच मिटतात. १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह असेल तर त्याचा नंबर ८. डिस्कवर काय आहे बघायला लोड"$",८ आणि मग लिस्ट. पहिला प्रोग्राम चालवायला लोड"*",८,१ आणि मग रन. शेवटचा १ म्हणजे फाइलीत जो पत्ता लिहिलाय तिथेच ती मेमरीत ठेव. लक्षात ठेवा, डॉलरवाली कमांड मेमरीतला बेसिक प्रोग्राम पुसून त्या जागी यादी आणते, त्यामुळे स्वतः टाइप केलेलं आधी सेव्ह करा. डिव्हाइस नॉट प्रेझेंट आलं तर ड्राइव्ह बंद आहे किंवा केबल सैल आहे, डिस्कला शिव्या देऊ नका. ड्राइव्हचा काम दाखवणारा दिवा लुकलुकतच राहिला तर मात्र ड्राइव्हला एरर आलाय. आणि हळू चाललंय म्हणून घाबरू नका, १५४१ चा मूळ वेग सेकंदाला साधारण ४०० बाइट, ४० केबीची फाइल म्हणजे पावणेदोन मिनिटं.

ड्राइव्ह नसेल तर एसडी कार्डवाले पर्याय आहेत. एसडी-टू-आयईसी स्वस्त आणि सोपं, साध्या फाइलींना उत्तम, पण एक ग्यानबाची मेख आहे: १५४१ च्या आत स्वतःचा ६५०२ प्रोसेसर असतो आणि बरेच गेम आपला फास्ट लोडर (लोडिंग जलद करणारा प्रोग्राम) त्या प्रोसेसरवरच चालवतात, एसडी-टू-आयईसीला ते जमत नाही, मग गेम अर्ध्यात लटकतो आणि माणूस कार्ड बदलत बसतो. पाय-१५४१ किंवा अल्टिमेट कार्ट्रिज अख्खा ड्राइव्हच नक्कल करतात, तिथे हा त्रास जवळपास नाही.

फाइलींचं थोडक्यात: डी६४ म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, टॅप म्हणजे कॅसेटची, पीआरजी म्हणजे एकटा प्रोग्राम, सीआरटी म्हणजे (इथे टीव्ही नव्हे) कार्ट्रिजची. साधी डी६४ बरोबर १,७४,८४८ बाइटची असते, कमी असेल तर डाउनलोड अर्धवट झालंय. कुठलीही फाइल आधी पीसीवर व्हाइस नावाच्या एम्युलेटरमध्ये (या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवून बघा, तेही तुमच्या मशीनसारखं पाल किंवा एनटीएससी सेट करून. तिथे चालली आणि खऱ्या मशीनवर नाही तर दोष हार्डवेअरचा किंवा एसडीवाल्या डब्याचा, तिथेच नाही चालली तर फाइलच मेलेली. या एका सवयीने माझे कितीतरी तास वाचलेत. नवं सॉफ्टवेअर आजही लिहिलं जातंय, सीएसडीबी या वेबसाइटवर डेमो, गेम, टूल सगळं सापडेल, आणि बरेच लेखक आपलं काम फुकट देतात.

अडलात आणि कोणाला विचारायचं झालं तर "चालत नाही" एवढंच लिहू नका. बोर्डावर इंग्रजीत ASSY म्हणून छापलेला नंबर, पाल की एनटीएससी, मोजलेलं व्होल्टेज, स्क्रीनचा फोटो आणि काय काय करून झालं ते सगळं द्या, जाणकार माणूस फोटो बघूनच कुठली चिप गेली ते सांगतो कधीकधी.

सोबत जुन्या फ्लॉप्या आल्या असतील तर गेम शोधत बसण्याआधी त्यांच्या प्रती काढा. झूमफ्लॉपी नावाचं यूएसबी ॲडॅप्टर लावलं की १५४१ थेट पीसीला जोडता येतो आणि अख्खी डिस्क डी६४ होऊन निघते. बुरशीचे डाग दिसणारी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड घाण होतं आणि पुढची चांगली डिस्कही ओरबाडली जाते. बाकीच्यांची कडेची खाच आधी चिकटपट्टीने झाकून टाका, म्हणजे हातून चुकीची कमांड गेली तरी ड्राइव्ह त्यावर काही लिहू शकणार नाही.