टोपीचा रंग बघा: चेल्टनहॅमच्या ओबी व्हॅनमधून

11 मार्च 2025, मंगळवार. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमची चँपियन हर्डल, अडथळ्यांवरून उड्या मारायची घोड्यांची शर्यत. घोडे सातच, म्हणजे कॅमेऱ्यात दिसलेलं वेळेसह नोंदवणाऱ्या माझ्यासारख्या लॉगरला तसा आराम. तोवर एकही शर्यत न हरलेला कॉन्स्टिट्यूशन हिल वाटेत पडला. ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे मैदानावरून थेट प्रक्षेपण चालवणाऱ्या आमच्या गाडीत, कुणीतरी सुस्कारा सोडला, तेवढाच आवाज. मग आदल्या वर्षीचा विजेता स्टेट मॅन मोकळा पुढे निघाला आणि शेवटच्या अडथळ्यावर तोही कोसळला. जिंकली गोल्डन एस नावाची घोडी, बेटिंगचा भाव 25 ला 1, म्हणजे फारशी कुणाला आशा नव्हती. चार मिनिटांत तीन बातम्या झाल्या आणि तिन्हींचे टाइमकोड, म्हणजे चित्रणातल्या नेमक्या वेळा, माझ्या स्क्रीनवर. डायरेक्टरने मागितल्यावर ‘थांबा हं, बघते’ म्हणायची सोय नसते.

पुण्या-मुंबईहून इकडे मीडिया शिकायला येणारी मुलं मला विचारतात, ‘ताई, स्पोर्ट्स ब्रॉडकास्टमध्ये शिरायचं कसं?’ प्रत्येकाला फुटबॉल हवा असतो. मी म्हणते, घोड्यांकडे या. रांग छोटी आहे आणि काम अवघड आहे.

आधी थोडी ओळख. आपल्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जी रेस होते ती सपाट धाव. लोखंडी गेट उघडतं आणि घोडे सुटतात. इथली ही उड्यांची शर्यत. हर्डल म्हणजे बुटका, धक्का लागला तर वाकणारा अडथळा. फेन्स म्हणजे साडेचार फूट किंवा त्याहून उंच, दाबून भरलेल्या फांद्यांची भिंत. चेल्टनहॅमचा महोत्सव मार्चमध्ये, मंगळवार ते शुक्रवार. 2005 पासून तो चार दिवसांचा आहे, आता रोज सात अशा 28 शर्यती. शेवटच्या दिवशी गोल्ड कप: सव्वातीन मैलांच्या वर अंतर, 22 फेन्स आणि शेवटी असा चढ की जिंकत आलेला घोडा तिथे चालायला लागतो. मागे क्लीव्ह हिल. टीव्हीवर हा डोंगर फार देखणा दिसतो. प्रत्यक्षात वारा तिथूनच येतो.

प्रक्षेपण पूर्वी बीबीसीकडे होतं, 1995 ते 2016 चॅनल फोरकडे, 2017 पासून आयटीव्हीकडे. शिवाय पैसे भरून बघायचं रेसिंग टीव्ही आहे. पण हे नुसतं पाठ करून काही होत नाही. पडद्यामागे कंपन्या अनेक असतात आणि माणसं बहुतेक फ्रीलान्स. म्हणून अर्ज मोठ्या नावांकडे करायचा आणि त्यासोबत ओबी पुरवणाऱ्या, ग्राफिक्स करणाऱ्या छोट्या कंपन्यांकडेही. मला पहिलं काम अशाच एका छोट्या कंपनीने दिलं. चहा आणणं, रनिंग ऑर्डरच्या, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमपत्रिकेच्या, प्रती वाटणं आणि पाहुण्यांना चिखलातून वाट दाखवणं.

व्हिसाचं आत्ताच सांगते, कारण यात पोरं फसतात. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं, तेही फ्रीलान्स नाही. इन्व्हॉइस काढून पैसे घेणं म्हणजे स्वयंरोजगार, आणि तो त्या व्हिसावर चालत नाही. डिग्रीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर चालतो. तो मास्टर्सवाल्यांना सध्या दोन वर्षं मिळतो. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना अठरा महिनेच मिळणार. ‘सगळे करतात’ असं सांगणारा मित्र सगळ्यांना भेटतो. त्याचं ऐकू नका.

आता कामाकडे. लॉगर म्हणजे कॅमेऱ्यांतून येणारं सगळं बघत बसणारा आणि ‘कधी, कोण, काय’ हे त्या क्षणी टाइमकोडसह टिपणारा माणूस. रिप्ले काढणारा स्लो-मोशनवाला, म्हणजे ईव्हीएस ऑपरेटर, त्याच नोंदीवरून तुकडा शोधतो. आपल्याकडे बातमी वाहिनीच्या पीसीआरमध्ये, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, काम केलं असेल तर टॉकबॅकवरचा, म्हणजे टीमच्या हेडसेटवरचा, गोंगाट ओळखीचा वाटेल. फरक असा की बातमीत अँकर थांबतो, घोडा थांबत नाही.

कॅमेरे कुठे असतात हे पहिल्याच दिवशी चालत जाऊन बघा. एक ग्रँडस्टँडवर उंचावर, तो पूर्ण शर्यत धरतो. एक समोरून, हेड-ऑन. काही फेन्सच्या पायथ्याशी. एक ट्रॅकच्या आतल्या बाजूने घोड्यांबरोबर पळणाऱ्या गाडीवर. लांबच्या लेन्समध्ये पहिल्या आणि आठव्या घोड्यातलं अंतर चपटं होतं, सगळे एकाच रेषेत दिसतात. हेड-ऑनवर तर कोण पुढे आहे हेच कळत नाही. हे डोक्यात बसल्याशिवाय नोंदी चुकत राहतात.

आणि घोडा ओळखायचा कशावरून? नंबर खोगिराखालच्या कापडावर असतो, तो चिखलाने पाच मिनिटांत माखतो. उरतो जॉकीचा पोशाख, म्हणजे सिल्क्स. हे रंग मालकाचे असतात, जॉकीचे नव्हेत. इथेच मेख आहे. जे. पी. मॅकमॅनस या आयरिश मालकाचे हिरव्यावर सोनेरी पट्टे सगळ्यांना ठाऊक असतात. पण एकाच शर्यतीत त्यांचे तीन-चार घोडे असू शकतात! पट्टे तेच, फरक फक्त टोपीचा. एकाची पांढरी, बाकीच्यांची वेगळी.

माझ्या पहिल्या वर्षी वीसच्या वर घोड्यांची एक हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादायची शर्यत, होती. दूरच्या वळणावर हिरवं-सोनेरी काहीतरी खाली गेलं. मी टोपी पाहिली नव्हती. पण पट्टे पाहिले होते, बोटं कीबोर्डवर होती आणि गप्प बसणं कमीपणाचं वाटलं. मी ठोकून दिलं एक नाव. ते नाव टॉकबॅकवरून ग्राफिक्सकडे गेलं. पडद्यावर येणार, तेवढ्यात शेजारची पीए, म्हणजे प्रॉडक्शन असिस्टंट, वय साठच्या पुढे, हातात पेन, मला म्हणाली, ‘टोपी कुठली?’ मी गप्प. तिने स्वतःच बटण दाबून सांगितलं, ‘नाव नक्की नाही, थांबा.’ खरोखर दुसराच घोडा पडला होता. मी नाव दिलेला पुढे पाचवा आला. त्याच्या मालकाने, ट्रेनरने, घरी बसलेल्या त्या जॉकीच्या आईने पडद्यावर ते नाव वाचलं असतं. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

त्यानंतर मी आदल्या रात्री रेसकार्ड, म्हणजे शर्यतींचं छापील पत्रक, काढते आणि स्केचपेनने प्रत्येक जॉकीचा सदरा, बाह्या, टोपी रंगवते. शाळेतल्या चित्रकलेच्या वहीसारखं दिसतं, लोक हसतात. समालोचकही हेच करतात. वाचून रंग लक्षात राहत नाहीत, हाताने रंगवले की राहतात. आणि ‘नक्की नाही’ हे इंग्रजी दोन शब्दांत, मोठ्याने, न लाजता म्हणायची सवय करा. आपल्याकडे सिनियरपुढे ‘माहीत नाही’ म्हणणं जड जातं. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाका मारतात, ‘सर’ म्हटलं की दचकतात. पण चुकीचं नाव आत्मविश्वासाने सांगणारा लॉगर पुढच्या वर्षी दिसत नाही.

पडलेल्या घोड्याविषयी अजून थोडं. घोडा उठला नाही की मैदानावरची माणसं त्याच्याभोवती हिरवे पडदे धरतात. पुढच्या फेरीत ती फेन्स वगळायची खूण होते, घोडे बाजूने काढले जातात. मी जिथे जिथे काम केलं तिथे शिरस्ता एकच. त्या क्षणी रुंद शॉट, आणि घोडा व जॉकी दोघेही ठीक असल्याचं कळेपर्यंत रिप्ले नाही. म्हणजे तुमच्या नोंदीत तो तुकडा असतो, पण त्यापुढे खूण असते: दाखवू नये. दाखवायचं नाही, पण लपवलं असंही वाटू द्यायचं नाही. निवेदकाने काय झालं ते सरळ सांगायचं. हा तोल मला अजून पूर्ण पटलेला नाही. घोडे मरतात, हे प्रेक्षकाला कळायला नको का? व्हॅनमध्ये यावर जेवताना वाद होतात. 2025 च्या त्या मंगळवारी दोन्ही घोडे धडधाकट उठले, म्हणून रिप्ले लगेच गेले.

दुसरी अडचण वेळेची. उड्यांच्या शर्यतीला गेट नसतं, ताणलेली फीत असते. घोडे चालत चालत ओळीत आले की सोडायचे. एखादा अडला, रांग बिघडली, की पुन्हा मागे. इकडे जाहिरातींचा ब्रेक मोजून ठेवलेला. शर्यत चार ते सात मिनिटांची आणि दोन शर्यतींमध्ये साधारण चाळीस मिनिटं. कार्यक्रमाचा बराचसा भाग त्या चाळिसातच उभा राहतो. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधीच्या आवारात, फिरवले जाणारे घोडे, बदलते भाव, विजेत्याच्या आवारातली रडारड. 2008 मध्ये वाऱ्यामुळे बुधवारचा सगळा दिवसच रद्द झाला आणि त्या शर्यती गुरुवार-शुक्रवारमध्ये कोंबल्या. त्या वेळी असलेले लोक अजून ती रनिंग ऑर्डर शिव्या घालत आठवतात.

बाकी किरकोळ. राहायची सोय जानेवारीत शोधायला लागलात तर उशीर झाला. मी एकदा जवळच्या ग्लॉस्टर शहरात राहून पहाटेची ट्रेन पकडली आहे. गमबूट घ्या, लोकरीचे मोजे दोन जोड. डबा न्या, दुपारी रांगेत उभं राहायला वेळ मिळत नाही. बेटिंग करू नका. तुमच्या कंपनीचा नियम काहीही असो, पैसे लावलेल्या घोड्याकडे डोळा जातो आणि नोंद सुटते.

मंगळवारी पहिल्या शर्यतीची फीत सुटते तेव्हा स्टँडमधून एक गर्जना उठते. व्हॅनच्या पत्र्यातूनही ती जाणवते, टेबलावरचा चहा हलतो. त्या दहा सेकंदांत कुणी टॉकबॅकवर बोलत नाही. तुम्हीही बोलू नका.

आणि स्केचपेनचा सेट आणताना हिरवा जादा घ्या. माझा दर वर्षी गुरुवारीच संपतो.